फेस

आमच्या घराण्यात फेस म्हणजे रिठ्याचा, नाहीतर दाढीच्या साबणाचा. त्यामुळे न्यू जर्सीत चिरंजीवांच्या तळघरात बिअरचा नळ दिसला, तेव्हा मी आधी मागे वळून ही जिना उतरत नाही ना, ते पाहिलं.

नळ अगदी नळासारखाच. खाली छोटा फ्रिज, त्यात बिअरचं पिंप, शेजारी गॅसचं नळकांडं, फ्रिजच्या डोक्यावर खांब आणि खांबाला तोटी. फक्त तिच्यातून बिअर येत नसे, फेस येई. ग्लासभर फेस आणि तळाशी औषधाच्या डोसाएवढी बिअर! शनिवारी मित्र यायचे होते. चिरंजीव घायकुतीला आलेले.

"दाब जास्त झालाय," म्हणत त्याने रेग्युलेटरचा काटा 12 पौंडांवरून 6 वर आणला. त्या संध्याकाळी जरा बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी फेस दुप्पट. मी जवळ जाऊन वाकून पाहू लागलो, तर म्हणाला, "बाबा, तुम्ही वर जाऊन टीव्ही बघा ना."

मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या बापाला काम नसतं. भांडी यंत्र घासतं, कपडे यंत्र वाळवतं, गाडी आपल्याला चालवू देत नाहीत. तीन महिने मी टीव्हीच बघत होतो. तेव्हा टीव्हीसमोर बसून त्या फ्रिजचं माहितीपुस्तक वाचून काढलं.

मामला असा, की गॅस बिअरमध्ये विरघळलेला असतो. बिअर गार आणि दाबाखाली असेल तोवर तो निमूट बसतो. दाब कमी केलात, की नळीतच बुडबुडे होऊन बाहेर पडतो. म्हणजे पिंपातला दाब उतरवायचा नाही. तो वाटेत खर्च करायचा!

आता वाटेत दाब कसा खर्च होतो, हे मला कोण शिकवणार? गिरगावच्या चाळीत गॅलरीच्या टोकाला नळ. त्याला रबरी नळी लावून आमच्या दारातलं पिंप भरायचं. तिकडे पाणी धो धो, अन् चौदा खोल्या ओलांडून आमच्याकडे पोचेपर्यंत करंगळीएवढी धार. तीस वर्षं त्या नळीला शिव्या दिल्या, त्या आज परत घेतो.

हिच्या शिवणाच्या टेपने मी फ्रिजमधली नळी मोजली. पाच फूट! पाच फुटांत 12 पौंड जाणार कुठे? फ्रिजमध्ये पाण्याचा ग्लास ठेवून त्यात थर्मामीटर बुडवला. 46 फॅरनहाइट. हवं होतं 38.

"दहा फूट नळी आण. तेवढीच बारीक," मी म्हणालो. चिरंजीवांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग निमूटपणे गाडीची किल्ली घेतली.

शनिवारी काटा पुन्हा 12 वर, नळीचं वेटोळं फ्रिजच्या पोटात, तोटी पूर्ण उघडलेली. अर्धवट उघडली तरी फेसाळते, बरं का. सोनेरी धार ग्लासच्या कडेने उतरली आणि वर फेस फक्त दोन बोटं. "बाबांनी दुरुस्त केलं," चिरंजीव मित्रांना म्हणाले. मी आपला टेप गुंडाळत राहिलो.

पहिला ग्लास मात्र अजून फेसाचाच येतो, कारण वरचा खांब फ्रिजच्या बाहेर आणि उबदार. तो ओतून द्यायचा असतो. तो मी घेतो. हिला सांगून ठेवलंय, त्यात बिअर जवळजवळ नसतेच.