घट्ट करणाऱ्यांच्या गावात

माझी नोकरी चाकणला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात, क्वालिटीमध्ये. दिवसभर माझ्यासमोर नट घट्ट होत असतात. लाइनवरची गन ठरलेल्या टॉर्कला थांबते, हिरवा दिवा लागतो, आकडा संगणकात जाऊन बसतो. त्यामुळे घरच्या जुन्या इंडिकाचे मागचे शॉकअप वाजायला लागले, तेव्हा ते आपणच बदलू असं मनात आलं. भोसरीतल्या ओळखीच्या गॅरेजवाल्या काकांनी रविवारी जागा, घोड्या आणि गोटीसेट दिला. म्हणाले, "करा तुम्ही. अडलं की हाक मारा."

इंडिका ही इथलीच लेक. टेल्कोने १९९८ च्या डिसेंबरात ती आणली, पिंपरीतच बनवली. पुढे २००३ मध्ये टेल्कोचं टाटा मोटर्स झालं, तरी आमच्याकडे रस्त्यापासून बसथांब्यापर्यंत सगळं अजून टेल्कोच. आमची गाडी मात्र बरीच वर्षं मामांकडे रत्नागिरीला होती. काकांनी खाली वाकून बॅटरी मारली आणि विचारलं, "कोकणातली का?" खारी हवा, पावसाळा आणि चाकाने उडवलेला चिखल; बोल्टाचं डोकं कुठं संपतं आणि गंज कुठं सुरू होतो तेच कळत नव्हतं.

पहिला घोळ दिशेचा. डावीकडे फिरवलं की ढिलं, हे ठाऊक होतं; पण गाडीखाली उताणं पडल्यावर डावीकडे म्हणजे कुणाच्या डावीकडे? उत्तर असं, की नटाकडे तोंड करून बघायचं आणि घड्याळाच्या उलट जायचं. सायकलच्या डाव्या पायडलसारखे उलटे आटे इथे नसतात, एवढाच दिलासा.

दिशा सापडली, तरी नट ढिम्म. पान्याला पाइप लावला, तर पान्यालाच बाक येतोय असं वाटलं. बोल्ट घट्ट करताना लावलेल्या जोरातला जवळपास ९० टक्के जोर घर्षणातच जातो आणि जेमतेम १० टक्के बोल्ट ताणायला उरतो, हे आम्ही ट्रेनिंगमध्ये शिकवतो. सोडवताना तेच घर्षण आडवं येतं, वर गंजाची भर. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो. आट्यांमध्ये ती जागा नसते, म्हणून तो तिथेच पाचर होऊन बसतो. जोर लावला की आधी मोडतं ते बोल्टाचं डोकं किंवा त्याचे कोपरे.

काकांनी बारा कोनी गोटी काढून सहा कोनी हातात दिली. बारा कोनी गोटी कोपऱ्यांवरच धरते, गंजलेल्या नटाला लगेच गोल करते. सहा कोनी सपाट बाजूंना धरते. मग तारेचा ब्रश मारून आटे उघडे केले, गंज सोडवणारा स्प्रे मारला आणि काका चहाला निघाले. मला वाटलं, काम टाळतायत. पण तेल आत झिरपायला वेळ लागतो, आणि तो वेळ देणं हेसुद्धा कामच. परत आल्यावर त्यांनी नटावर हातोडीचे छोटे ठोके मारले आणि पाना चक्क उलटा, घट्ट करायच्या दिशेने, किंचित हलवला. कुठूनतरी 'कट' असा आवाज आला. गंजाची पकड तुटायला दिशा लागत नाही, हालचाल लागते. मग थोडं ढिलं, थोडं घट्ट, पुन्हा तेल, असं करत नट बाहेर आला.

मला वाटलं जिंकलो. पण बोल्ट निघेना. पाना लावला की फिरायचा, सोडला की परत जागेवर यायचा. फिरतोय पण सुटत नाही, हा प्रकार माझ्या कुठल्याच तक्त्यात नव्हता. कारण साधं होतं: शॉकअपच्या खालच्या डोळ्यात रबरी बुश असतो, त्याच्या मधोमध लोखंडी नळी. बोल्ट त्या नळीलाच गंजून चिकटला होता. मी बोल्ट फिरवत नव्हतो, रबर पिळत होतो. नट दोन आटे परत चढवून ठोकूनही पाहिलं. सगळा मार रबराने गिळला.

"गॅस मारू या?" मी विचारलं. तापवलं की लोखंड फुगतं. १२ मिमीचा नट ३०० अंशांनी तापला, तर साधारण ०.०४ मिमी वाढतो. केसाच्या जाडीहून कमी, पण गंजाची पकड मोडायला बऱ्याचदा पुरेसं. काकांनी मान हलवली. इथे रबर होतं, जवळ ब्रेकचा होज, डिझेलची टाकी आणि वर आपणच मारलेला ज्वलनशील स्प्रे. मग म्हणाले, "शॉकअप टाकूनच द्यायचाय ना? मग बोल्टाचे एवढे लाड कशाला?" ग्राइंडरने दोन्ही बाजूंनी बोल्ट कापला, शॉकअप हातात आला. सकाळपासून मी भंगारात जाणारी वस्तू वाचवायला झटत होतो.

नवा बोल्ट बसवताना मधल्या गुळगुळीत भागाला ग्रीस लावलं, आट्यांना नाही. आटे बुळबुळीत झाले की त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो. शेवटची घट्टाई गाडी चाकांवर उभी करून केली. घोडीवर असताना केली असती, तर नवं रबर कायमचं पिळलेलं राहिलं असतं. टॉर्क पाना तेव्हाच पेटीतून निघाला. त्याने बोल्ट सोडवत नाहीत, त्याचं माप बिघडतं.

तुम्ही पहिल्यांदाच गाडीखाली शिरणार असाल, तर गाडी नुसत्या जॅकवर ठेवू नका, डोळ्यांना चष्मा लावा आणि तेल आदल्या संध्याकाळीच मारून ठेवा. पण या सगळ्याआधी एक ठरवा: बोल्ट वाचवायचाय की ज्यात तो अडकलाय ती वस्तू? इंजिनच्या ब्लॉकमधला असेल, तर घाई करू नका, चार दिवस लागले तरी लागू द्या. नव्याने मिळणारा साधा बोल्ट असेल, तर कापा आणि मोकळे व्हा.