ऐकणारी माणसे

मृत्यूच्या बातम्यांची एक ठरीव भाषा असते. मराठी वृत्तपत्रांत कितीतरी वर्षे ‘पोटदुखीला कंटाळून’ एवढ्या दोन शब्दांत एका आयुष्याचा निकाल लागत असे. तमिळ वृत्तपत्रांतही पोटदुखीचेच कारण पुढे केले जाई. परस्परांपासून इतक्या दूर असलेल्या दोन भाषांना एकच आडपडदा सुचावा, ह्यात नवल नाही. पोटाचे दुखणे चारचौघांत सांगता येते. मनाचे सांगितले, तर त्याची झळ घरातल्या मुलींच्या लग्नापर्यंत जाऊन पोहोचते.

हा पडदा दूर सारण्याचे काम चेन्नईत, तेव्हाच्या मद्रासमध्ये, १९८६ साली सुरू झाले. मनोविकारतज्ज्ञ डॉ. लक्ष्मी विजयकुमार ह्यांनी ‘स्नेहा’ ही संस्था स्थापन केली. मराठीत ‘स्नेह’ म्हणजे माया आणि तेलही. वंगणावाचून कुरकुरणाऱ्या मनाला दोन्ही अर्थ लागू पडावेत. लंडनमध्ये चॅड व्हारा ह्या धर्मोपदेशकाने १९५३ साली जी वाट पाडली होती, तीच ही वाट. येथे फोनवर बसणारी माणसे डॉक्टर नसतात. ती प्रशिक्षित स्वयंसेवक असतात. उपदेश करीत नाहीत, नाव विचारीत नाहीत, ऐकलेले बाहेर नेत नाहीत. ऐकणे हेच काम. आणि ते वाटते तितके सोपे नाही, कारण आपल्याकडे दुःख ऐकणाऱ्याच्या ओठांवर ‘असा विचारसुद्धा मनात आणू नये’ हे वाक्य आधीपासून तयार असते. त्या वाक्याने बोलणाऱ्याचे दार बंद होते. जीव नकोसा झाला आहे का, असे सरळ विचारले तर नसता विचार मनात रुजेल, ही भीती सार्वत्रिक आहे. अभ्यासकांना मात्र तिला आधार सापडलेला नाही. उलट, कुणीतरी विचारले ह्यानेच पुष्कळांना हायसे वाटते.

पण बोलावे कसे? बोलणे म्हणजे गुन्ह्याची कबुली होती. भारतीय दंडविधानाचे ३०९ कलम मरणातून वाचलेल्या माणसाला आरोपी ठरवी. रुग्णालयातील खाटेजवळ आप्तांच्या आधी पोलीस येईल, ह्या धास्तीने घरचे लोक डॉक्टरांनाही ‘चुकून झाले’ असेच सांगत. ‘स्नेहा’ सुरू झाली त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरविले. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसाच निर्णय दिला आणि १९९६ मध्ये घटनापीठाने तो फिरविला. अखेर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने असा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरले, त्याची काळजी शासनावर सोपविली; २०२४ मध्ये अमलात आलेल्या न्याय संहितेत ते जुने कलम उरले नाही.

कायदा बदलला, शेजारी अजून बदलायचे आहेत. तोवर ‘स्नेहा’चे काम फोनपुरते राहिले नाही. २००४ च्या त्सुनामीनंतर तिचे स्वयंसेवक किनाऱ्यावरील शोकग्रस्त कुटुंबांकडे जाऊन बसले. बोलायला सवड देण्यासाठी नुसते बसावे लागते, हेही एक शिक्षणच.

फोन ठेवला जातो. पलीकडच्या माणसाचे पुढे काय झाले, ते स्वयंसेवकाला बहुधा कधीच कळत नाही. तो पुन्हा घंटेची वाट पाहतो.