चौकटीला हात न लावता

हैदराबादेत, काचीगुड्यातल्या त्या घराचा वरचा दिवाणखाना आम्हाला फुकट मिळाला. अट एकच होती: खिडक्यांना खिळा लागता कामा नये. घर जुन्या वकील घराण्याचं. घरमालकीण काकूंनी अट एकदाच सांगितली आणि किल्ल्या माझ्या हातात दिल्या. साल १९९८. १७ सप्टेंबरला हैदराबाद संस्थान भारतात येऊन पन्नास वर्षं होत होती. बरकतपुरा, सुलतान बाजार, काचीगुडा इथल्या आम्ही काही मराठी माणसांनी त्यासाठी झालेल्या लढ्याचं प्रदर्शन मांडायचं ठरवलं होतं.

प्रदर्शनाचा जीव म्हणजे नकाशा. जुन्या संस्थानाचे सोळाही जिल्हे त्यावर रंगवलेले: तेलंगणाचे आठ, मराठवाड्याचे पाच, कन्नड मुलखातले तीन. आठ फूट रुंद, आठ फूट उंच, पातळ प्लायवूड आणि मागे पट्ट्यांचा सांगाडा. वजन चाळीस किलोच्या आसपास. दारातून आत येताच समोर दिसेल अशी भिंत एकच होती आणि तिच्यात ओळीनं तीन सागवानी खिडक्या. खाली झडपा, वर रंगीत काचा, मध्ये उभे गज. खिडक्यांमधली भिंत चुन्याच्या गिलाव्याची, ती भुसभुशीत; तिच्यात स्क्रू धरत नव्हता. कुणी म्हणे गजांना दोरी बांधू, कुणी म्हणे चौकटीत वरच्या बाजूला दोन बारीक हुक, कोण बघतंय?

मी चाचांना बोलावून आणलं. त्यांचं सुतारकामाचं दुकान स्टेशनजवळच्या गल्लीत होतं. त्यांचं नाव मी लिहीत नाही. आभाराच्या पाटीवर लिहायचं म्हटलं तेव्हा त्यांनी साफ नको सांगितलं होतं, आणि तो नकार मी अजून पाळते.

चाचा आले आणि नकाशाकडे न बघता आधी खिडक्यांकडे गेले. चौकटीच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. म्हणाले, "ये चौखट है बेटी, खुंटी नै." मग समजावून सांगितलं. चौकट फक्त आपल्या झडपांचं वजन पेलायला केलेली असते. कोपऱ्यांत एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवलेली. बाहेरून ओढ बसली की आधी तो सांधा हलतो, मग चौकट आणि भिंत यांच्यामधला गिलावा सुटतो. त्या फटीतून पावसाचं पाणी शिरतं आणि चौकट खालून कुजते. कडेला मारलेला खिळा लाकूड चिरतो. नाही चिरलं तर पावसाळ्यात गंजून फुगतो. गजांना बांधलेल्या दोरीचं वजनही शेवटी चौकटीवरच येतं. आणि फलक खिडकीला टेकला तर वाऱ्यानं आपटून काचा जातील, ते वेगळंच. घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या दुखण्याबद्दल बोलावं तसं ते त्या लाकडाबद्दल बोलत होते.

मग त्यांनी मान वर केली. छत लोखंडी गर्डरांचं होतं, दोन गर्डरांमध्ये विटांच्या बुटक्या कमानी. त्यांनी जाड वासे मागवले. दोन खांब जमिनीपासून छतापर्यंत उभे करायचे, भिंतीपासून हातभर पुढे, आणि वरच्या टोकाला पाचरीनं आवळायचे, असा बेत. ऐकायला सोपं, पण सगळं कसब जागा निवडण्यात होतं. खांबाचं डोकं नेमकं गर्डरखालीच यायला हवं. ते कमानीखाली आलं आणि पाचर ठोकली तर विटा वर उचलल्या जाऊन कमान सैल होईल. कमान वरचं वजन घ्यायला बांधलेली असते, खालचा रेटा घ्यायला नाही. पायाचंही तसंच. हा वरचा मजला, म्हणून खालच्या खोलीत जाऊन तिथले गर्डर कुठून जातात ते पाहिलं, दोरीनं माप वर आणलं आणि खांबाचे पाय त्याच रेषेवर ठेवले. पायाखाली रुंद फळी, फळीखाली नमदा, म्हणजे शहाबादी फरशीवर ओरखडा नाही. डोक्यावरही नमदा. पाचरी जोडीच्या, तोंडाला तोंड लावून दोन्हीकडून थोड्या थोड्या ठोकायच्या, म्हणजे खांब सरकत नाही, नुसता आवळत जातो. दोन खांबांना वर एक आडवा वासा, त्यावर नकाशा टांगला, आणि खालचे कोपरे खांबांनाच बांधले. मागे झडपा उघड्या राहिल्या, वारा खेळत राहिला.

लेव्हलच्या नळीचं एक टोक मी धरलं होतं. दुसरं टोक धरून चाचा नकाशासमोर उभे होते आणि तेव्हा पहिल्यांदा त्यांनी तो नीट पाहिला. नांदेडवर बोट ठेवलं. आणि मराठीत, नांदेडकडच्या मराठीत म्हणाले, "आमचं गाव हे. बाप त्या सालीच निघाला तिथून." वडील हत्यारांची पेटी घेऊन मीटरगेजच्या गाडीनं काचीगुड्याला उतरले होते. घरातली बाकीची माणसं आली नाहीत. का, ते त्यांनी सांगितलं नाही. नळीतलं पाणी स्थिर झालं तसे म्हणाले, "बाईं बाजू थोडी उप्पर लो."

माझे आजोबाही परभणीहून त्याच मार्गावरच्या गाडीनं येऊन याच स्टेशनात उतरले होते. १९१६ साली बांधलेलं ते घुमटांचं स्टेशन आमच्या घरात नेहमी एका सुरुवातीची जागा म्हणून सांगितलं जाई.

प्रदर्शन चालू होतं तोवर चाचा रोज सकाळी येऊन पाचरी बोटानं चाचपून जात. नवं लाकूड वाळतं, आकसतं, म्हणून. शेवटी उतरवायलाही स्वतः आले. मजुरी ठरल्याएवढीच घेतली. काकूंना प्रत्येक खिडकी उघडून, मिटून दाखवली. पुढे अनेक वर्षं तो दिवाणखाना आमच्या व्याख्यानांना, वाचनांना मिळत राहिला, तो या एका माणसामुळे.

पंडित सुंदरलाल समितीचा अहवाल मी पुष्कळ नंतर वाचला. पोलीस कारवाईनंतर, म्हणजे भारतीय सैन्यानं संस्थान ताब्यात घेतल्यावर, केंद्र सरकारनं पाठवलेली ही समिती १९४८च्या अखेरीस संस्थानात फिरली होती. मुसलमानांच्या सर्वाधिक हत्या झाल्या असे चार जिल्हे तिनं सांगितले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड. संस्थानभरातल्या मृतांचा तिचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजारांचा होता. निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या रझाकारांचे अत्याचार मी लहानपणापासून ऐकत आले आहे, ते खरेच आहेत, आणि लढ्याबद्दलचा माझा अभिमान जराही उणावलेला नाही. पण वाचताना मला सारखं ते नांदेडवरचं बोट दिसत होतं. त्या नकाशासाठी खांब उभे करताना या माणसानं एका पाचरीचीही हयगय केली नव्हती. याची परतफेड मजुरीत बसत नाही.

चाचा आता नाहीत. ते घरही पाडलं गेलं. त्याच्या खिडक्या चौकटींसकट अखंड निघाल्या, म्हणून जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यानं त्या तशाच दुसऱ्या घरासाठी विकल्या.

२०२३ साली, पंचाहत्तर वर्षं पुरी झाली तेव्हा, आम्ही पुन्हा प्रदर्शन मांडलं. सभागृह नवं, खिडक्या ॲल्युमिनियमच्या. त्या तर ओढीनं लगेच वाकतात. चाचांच्या मुलाला बोलावलं. इथे वर गर्डर नव्हते, तेव्हा त्यानं रुंद पायांचा, आपल्याच वजनावर उभा राहणारा सांगाडा केला, पायांवर वाळूच्या पिशव्या ठेवल्या. नकाशा लागल्यावर त्याला आणखी एक फलक दिसला: समितीच्या अहवालाचा, त्या चार जिल्ह्यांचा. तो त्यानं पूर्ण वाचला.

"ये किधर लगाना, मॅडम?"

नकाशाच्या शेजारी, त्याच उंचीवर, असं मी सांगितलं. वडिलांसारखंच त्यानं आधी नळीनं माप घेतलं, मग तो चढवला.