वेटोळ्यावरची झीज

व्हायोलिनच्या पोटातली चिठ्ठी खोटी आहे. डाव्या फटीतून विजेरी मारली की पिवळा पडलेला कागद दिसतो. त्यावर स्ट्रॅडिव्हेरियसचं नाव, क्रेमोना हे गाव आणि सतराशे कितीतरी साल. शेवटचे दोन आकडे छापलेलेच नाहीत. तो थोर कारागीर १७३७ साली गेला. त्याच्या हातची साडेसहाशेच्या आसपास वाद्यं आज उरली असतील, त्याच्या नावाच्या चिठ्ठ्या मात्र जगभर विखुरल्या आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीतल्या मार्कनॉयकिर्शन आणि आसपासच्या गावांत घरोघरी व्हायोलिनं घडत. एका घरात नुसत्या माना कोरायच्या, दुसऱ्यात पाठी. व्यापारी ते सुटे भाग जुळवून डझनावारी परदेशी धाडायचे. आमचं त्यातलंच असेल, नसेलही. कुणाच्या सामानातून ते मुंबईला उतरलं, हे आत्यालाही ठाऊक नव्हतं. तिनं ते जुनंच घेतलं होतं.

विकायला काढलं तेव्हा ज्यानं त्यानं आधी हेच विचारलं, कुठलं आहे? उत्तर नसलं की भाव पडतो. त्यात दुरुस्तीही मोठी. दमट हवेनं सरस सुटून कडेचा सांधा उकललाय. गजाचे केस कसरीनं खाल्लेत. तारा सैल पडल्या तेव्हा आतली काडीही पडली. ती कशानंही चिकटवलेली नसते, वरच्या आणि खालच्या फळीच्या दाबात नुसती उभी असते आणि वरचं कंपन खाली पोचवते. आता वाद्य कलतं केलं की ती आत घरंगळते. तो आवाज मला ऐकवत नाही.

सरसाचं एक मात्र सांगायला हवं. तो मुद्दाम लाकडापेक्षा कमजोर ठेवतात, म्हणजे ताण आला तर फळी तडकण्याआधी सांधा सुटतो. ज्यानं कुणी हे जोडलं, त्यानं पुढे कधीतरी दुसरं कुणी ते उघडून नीट करील, हे धरूनच जोडलं. त्या अनाम माणसावर माझा जीव जडलाय.

हनुवटी टेकवायची वाटी याला नाही. मान संपते तिथल्या वेटोळ्याचं एका बाजूचं पॉलिश पार उडालंय, आतलं फिकट लाकूड उघडं पडलंय. आत्या मांडी घालून बसायची आणि उजव्या पावलावर वेटोळं टेकवायची. मग डाव्या हाताला वाद्याचा भार पेलावा लागत नसे, मींड घेताना बोट तारेवरून सलग सरकायचं. गजाननराव जोशी गायकही होते आणि व्हायोलिनवादकही, म्हणून तिला ते फार जवळचे वाटायचे. शिकवणीच्या मुलींकडूनही ती बंदीश आधी गाऊन घ्यायची. गिरगावातल्या त्या दोन खोल्यांत तिन्हीसांजेला मारवा सुरू झाला की शेजारचे लोक रेडिओ लहान करत. शेवटच्या वर्षांत हात थरथरायचा, तेव्हा ती फक्त षड्ज लावायची. एकच, लांब, गज संपेपर्यंत. गज संपला की डोळे मिटून थांबायची, मग पुन्हा तोच. तिच्या पावलानं झिजलेली ती जागा मी बोटानं चाचपतो. कुठलं आहे, या प्रश्नाचं माझ्याकडे असलेलं उत्तर तिथे आहे, पण ते सांगून भाव वाढत नाही.

घरात आता वाजवणारं कुणी नाही, आणि कपाटात ठेवून त्याचे आणखी सांधे सुटू द्यायचे, हे मला जमणार नाही. घेणारे गृहस्थ भले आहेत. स्वतः दुरुस्ती करतात, एका विद्यार्थिनीसाठी त्यांना हवंय. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं, काडीचा आवाज ऐकला, सांध्यावर नख फिरवलं. सांधा जुळेल, काडी उभी राहील, नव्या तारा चढवू म्हणाले. वर एकदा पॉलिशचा हात फिरवू.

"वेटोळ्याला लावू नका," मी म्हणालो.

"डागाळलेलं दिसेल हो. मग तेवढे पैसे कमी धरावे लागतील."

"धरा," म्हटलं.