दिवाळीनंतरचा पट

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली, की मी आधी हजेरीपट मागतो. प्राथमिक शाळांच्या पाहणीत बरीच वर्षं गेल्यावर माझी खात्री झाली आहे, की शाळा ओळखावी ती जूनच्या पटावरून नव्हे, दिवाळीनंतरच्या पटावरून.

वसईजवळच्या नायगाव पूर्वेला त्या दिवसांत बांधकामांवर नवी कुटुंबं येतात. सरकारी शाळेच्या दारात एखादा बाप लेकराचं बोट धरून उभा राहतो. जवळ दाखला नसतो, जन्मतारीख आठवत नसते. गुरुजी वयाचा अंदाज घेतात, वर्ग ठरवतात आणि पटावर एक ओळ वाढते. त्याच आठवड्यात कमी फीच्या एखाद्या खासगी शाळेत एक नाव कमी होतं. बापाचं काम सुटलेलं असतं, फीचा दुसरा हप्ता थकलेला असतो.

‘शाळेची सोय आहे का’ हे आपण अंतरावर मोजतो. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीची शाळा 1 किलोमीटरच्या आत हवी. पण अवेळी आलेल्या मुलाला ती आत घेते का आणि अडचणीच्या काळात टिकवून ठेवते का, हेही सोयीतच मोजलं पाहिजे. या मापावर सरकारी शाळा आजही उजवी आहे.

तरीही खासगी शाळेत मूल घालणाऱ्या पालकांना मी दोष देत नाही. नायगावातल्या जूचंद्रच्या शिवारात बघता बघता टॉवर उभे राहिले. 2009 मध्ये वसई-विरार महापालिका झाली, तरी इथल्या सरकारी प्राथमिक शाळा पुढं अनेक वर्षं जिल्हा परिषदेकडेच होत्या. वस्ती शहराची आणि शाळांची व्यवस्था गावाची, अशी ती ओढाताण. मधली पोकळी खासगी शाळांनी भरली. तिसऱ्या वर्षी नर्सरी, दारात व्हॅन आणि इंग्रजी, एवढं मिळालं की कष्टकरी आई पोटाला चिमटा घेऊन फी भरते. काही शाळा मात्र मान्यतेविनाच चालतात. त्यामुळे प्रवेशाआधी मान्यतेचं पत्र आणि यूडायस क्रमांक, म्हणजे शाळेचा सरकारी ओळख क्रमांक, मागून घ्यावा. तो पालकांचा हक्क आहे.

शिक्षण हक्क कायद्यातल्या 25 टक्के राखीव जागांनी खासगी शाळेचं दार गरिबांसाठी थोडं उघडलं. राज्य सरकारच्या 9 फेब्रुवारी 2024 च्या अधिसूचनेनं, 1 किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर विनाअनुदानित शाळेला यातून सूट दिली. नायगावसारख्या दाट वस्तीत त्यामुळे बहुतेक दारं पुन्हा लागली असती. 19 जुलै 2024 रोजी मुंबई उच्च न्यायालयानं ती अधिसूचना रद्द केली, याचं मला मनापासून समाधान वाटतं.

आता गुणवत्ता. इंग्रजी माध्यमाच्या तिसरीतल्या एका मुलानं मला धडा घडाघडा वाचून दाखवला. गोष्टीत काय झालं, असं त्याच्या घरच्या बोलीत विचारलं, तर तो गप्प झाला. सरकारी शाळेतल्या त्याच वयाच्या मुलीनं गोष्ट रंगवून सांगितली, पण हातच्याच्या वजाबाकीला ती अडली. तिच्या बाईंकडे दोन वर्ग होते. दोन्ही मुलं हुशार होती, दोघांचंही काहीतरी राहून गेलं होतं.

पास-नापासाचे आकडे समोर ठेवून शाळांची तुलना करणं फसवं असतं, कारण खासगी शाळेत जाणाऱ्या मुलाच्या घरी बहुधा आधीच थोडी जास्त ऐपत, थोडं जास्त शिक्षण असतं. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन या अर्थशास्त्रज्ञांनी आंध्र प्रदेशात 180 गावांत हा पेच सोडवला. खासगी शाळेत मोफत शिकण्याची संधी सोडतीनं दिली. चार वर्षांनी तेलुगू आणि गणितात ही मुलं सरकारी शाळेतल्या मुलांच्या पुढं नव्हती. हिंदीत मात्र बरीच पुढं होती. खासगी शाळा तेलुगू-गणिताला वेळ कमी देऊनही तेवढंच शिकवत होत्या आणि मुलामागचा खर्च सरकारी शाळेच्या एक तृतीयांशाहून कमी होता. तेव्हा फी म्हणजे गुणवत्तेची हमी नव्हे आणि सरकारी शाळेनंही वेळेचा व पैशाचा हिशेब द्यायला हवा.

माझं मागणं साधं आहे. सरकारी शाळेत पहिलीच्या आधीचा वर्ग असावा आणि प्रत्येक वर्गाला स्वतःचा शिक्षक. इंग्रजी शिकवावं, पण मुलाच्या बोलीचा हात धरून; नायगावात ती आगरी असेल, कोळी असेल, भोजपुरी असेल. खासगी शाळेनं फी थकली म्हणून वर्षाच्या मध्येच मूल घरी बसवू नये.

महात्मा फुल्यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी मागणी केली. सक्तीचा कायदा झाला. शिकण्याची हमी अजून बाकी आहे. यंदाही सुट्टीनंतर मी पट मागेन. वाढलेल्या ओळीतलं ते मूल मार्चअखेर एक गोष्ट स्वतः वाचून, आपल्या शब्दांत सांगू शकलं, तर त्या शाळेला मी चांगली शाळा म्हणेन. मग ती कुणाच्याही मालकीची असो.