हिशेबातला रिकामा रकाना

आमचे हे गवंडी. वीस वर्षे धाराशिवात लोकांची घरे बांधली. 2019 साली आम्ही कर्ज काढून दोन खोल्यांचे एक जुने घर घेतले. ह्यांनी ते स्वतःच्या हाताने दुरुस्त केले आणि आम्ही भाड्याने दिले. पुढेही अशीच घरे, लहानसे प्लॉट घ्यायचे, असे ठरले.

हिशेब ह्यांच्या खिशातल्या वहीत असायचा. एका खोलीचे भाडे 3,000. "वर्षाला 72,000 सुटतात," असे हे पाहुण्यांना सांगायचे. मी लग्नाआधी एमएस-सीआयटी केले होते. एका रात्री लेकीच्या जुन्या लॅपटॉपवर एक्सेल उघडले आणि सगळे मांडले. खोल्या महिनाभर रिकाम्या राहिल्या, 6,000 गेले. घरपट्टी-पाणीपट्टी 5,000, दुरुस्ती 9,000, कर्जाचे व्याज 38,000. खाली बेरीज-वजाबाकीचे सूत्र घातले तर उरले 14,000! महिन्याला बाराशेसुद्धा नाहीत. हे बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आता वही तूच सांभाळ."

तेव्हापासून भाडेकराराचा मसुदाही मी वर्डमध्ये ठेवते. नाव, रक्कम, तारीख बदलायची आणि पुढे नोंदणी करायची. भगिनींनो, ही नोंदणी टाळू नका. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदलेला हवा. नाहीतर वाद झाल्यास अटींबाबत भाडेकरू सांगेल तेच आधी खरे धरले जाते.

मागच्या वर्षी एका दलालाने वीस गुंठे जमीन दाखवली. तुळजापूरकडच्या रेल्वेमार्गाचे काम सुरू झाल्यापासून त्या बाजूचे भाव चढलेले, आणि ही मात्र निम्म्या किमतीत! एक्सेलमध्ये आकडे भरले, नफ्याचा रकाना फुगला. हे इसाराचे 50,000 घेऊन निघाले. पण 'जमिनीचा वर्ग' हा रकाना रिकामाच होता. मी म्हटले, "अहो, थांबा जरा." 15 रुपये भरून ऑनलाइन सातबारा काढला. त्यावर 'भोगवटादार वर्ग 2' लिहिलेले. जमीन वतनाची होती. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती विकता येत नाही. दलाल म्हणाला, "साध्या बाँडवर लिहून घेऊ."

आम्ही मालकिणीला भेटायला गेलो. आपल्याच समाजाची, एकटी म्हातारी मावशी. दवाखान्यासाठी पैसे हवे होते.

मला आजोबा आठवले. 1941 च्या फेब्रुवारीत कसबे तडवळ्याला बाबासाहेब महार-मांग वतनदार परिषदेला आले होते, त्याच्या गोष्टी ते सांगायचे. पिढ्यान्‌पिढ्या गावाची राबणूक केली, तेव्हा पदरी पडलेला तो तुकडा. तो निम्म्या भावात मीच घ्यायचा?

मावशींना सांगितले, "कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका. विकायचीच असेल तर आधी रीतसर परवानगी काढा, मग बाजारभावाने विका." अर्ज मी वर्डमध्येच टाइप करून दिला. हे त्यांना घेऊन तहसीलला गेले. इसाराच्या पैशांतून दवाखान्यासाठी थोडे हातउसने दिले.

ती ओळ मी एक्सेलमधून पुसलेली नाही. नफ्याचा आकडा तसाच आहे. शेवटच्या रकान्यात लिहिले आहे : घेतली नाही. आता नवा व्यवहार आला की हेच आधी विचारतात, "वर्ग कोणता? आणि जमीन कुणाची?"