घरातला संगणक

आमच्या पिढीतील मध्यमवर्गीय घरांत मोठी खरेदी म्हणजे एक कौटुंबिक ठराव असे. शिवणयंत्र आले तेव्हा ते कोण चालवणार हे ठरलेले होते. रेडिओ आला तेव्हा त्याचा वार्षिक परवाना टपाल कार्यालयात कोण भरणार हेही ठरले होते. स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहिली, पण ती कोठे जाईल याविषयी घरात मतभेद नव्हता. संगणकाचे तसे नाही. ही एकच वस्तू अशी की, ती घेऊन नेमके काय करावयाचे हे विकणारा सांगतो, शेजारी सांगतो, परगावी असलेला मुलगा सांगतो. घरातल्या माणसांना मात्र कोणी विचारीत नाही. म्हणून गेल्या वर्षी आमच्या पिरनवाडीच्या घरात टेबलावरचा संगणक घ्यावयाचे ठरले, तेव्हा मी आधी दुकानात न जाता घरात चौकशी केली.

चौकशीअंती गरजा तीन निघाल्या. नात सातवीत आहे. तिच्या अभ्यासाची कामे आता छापून द्यावी लागतात. सौभाग्यवतींची दृष्टी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर सुधारली असली तरी भ्रमणध्वनीच्या हातभर पट्टीवर पुण्यातील मुलाचा चेहरा पाहणे त्यांना शिक्षाच वाटते. तिसरी गरज माझी. माझे थोरले बंधू अण्णा यांनी गावाच्या आठवणी लिहून काढल्या होत्या. २००१ साली बेळगावातील एका छापखान्यात त्यांची अक्षरजुळणी संगणकावर झाली, पुस्तक मात्र निघाले नाही. पुढे अण्णा गेले, छापखानाही बंद झाला, हस्तलिखिताचा पत्ता लागला नाही. राहिली ती एक चकती, पातळ प्लास्टिकच्या डबीत ठेवलेली, वर अण्णांच्या हातची निळी अक्षरे. ती चकती लावून पाहण्याची सोय आता कोणाच्याच घरी नव्हती.

मुलाचे म्हणणे, ‘बाबा, लॅपटॉप घ्या, जागा अडत नाही.’ जागा अडत नाही हे खरे; पण जी वस्तू जागा अडवीत नाही ती घरात सर्वांची राहत नाही, असा माझा अनुभव आहे. लॅपटॉप ज्याच्या मांडीवर त्याचा. टेबलावरचा संगणक सोप्यात असतो, येणाऱ्याजाणाऱ्याच्या दृष्टीस पडतो, आणि नात त्यावर काय पाहते हे तिच्यावर पाळत न ठेवताही कळते. शिवाय त्याचा कळफलक बिघडला तर कळफलकच बदलावा लागतो, पडदा गेला तर पडदा. उद्यमबागेच्या कारखान्यांशेजारी आयुष्य काढलेल्या आम्हा लोकांना सुटे भाग बदलता येणाऱ्या यंत्राविषयी एक जन्मजात आदर असतो.

स्वस्त संगणकाचे स्वप्न तसे आपल्या कर्नाटकातच मोठ्या हौसेने पाहिले गेले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील काही प्राध्यापक व एन्कोर ही कंपनी यांनी मिळून ‘सिम्प्युटर’ घडवला. सुमारे नऊ हजार रुपयांत, निरक्षरालाही वापरता येईल, भारतीय भाषांत बोलून दाखवील असा तो हातातला संगणक. २००१ साली त्याची देशभर चर्चा झाली. २००४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सने तो बनवून बाजारात आणला, पण फारसा खपला नाही. पुढच्याच वर्षी, २००५ मध्ये, एचसीएल कंपनीने दहा हजारांच्या आतला टेबलावरचा संगणक काढला. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स घातले होते. तोही घरोघर पोहोचला नाही. कारण किंमत हे अर्धेच कोडे होते. दहा हजारांची वस्तू घरी आणल्यावर तीत आपल्या भाषेत चार ओळी लिहिता येत नसतील, तर ती दहा हजारांची शोभा होते.

आता खरेदीकडे येतो. पहिल्या दुकानात आम्हास नवा जुळवलेला संगणक पडद्यासह चाळीस हजारांच्या पुढे सांगितला. दुसऱ्या दुकानदाराने किंमत बरीच उतरवली. मात्र विंडोजचा परवाना विचारताच तो हसला आणि म्हणाला, ‘ते आम्ही घालून देतो की वो, काका.’ घालून देतो म्हणजे चोरीचे. मी नमस्कार करून बाहेर पडलो. शेवटी मदतीला आला तो उद्यमबागेत यंत्रदुरुस्ती करणारा, आमच्याच गल्लीतला एक तरुण. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, ‘काका, फौंड्रीची डिझाइनं करणार काय तुम्ही? नाही न्हवं? मग एवढं कशाला वो घालवायचं?’

त्याने जे समजावून दिले ते सांगण्याजोगे आहे. विंडोजची दहावी आवृत्ती २०१५ साली आली आणि तिची सर्वसाधारण सुरक्षा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. अकरावी आवृत्ती जुन्या यंत्रांवर रीतसर चढत नाही. तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि इंटेलचा साधारणतः आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. परिणामी कचेऱ्यांनी आपली धडधाकट यंत्रे मोडीत काढली आणि ती दुरुस्त होऊन पुन्हा विक्रीस आली. अशा यंत्राची पिढी ओळखण्याची खूण सोपी आहे. आय-फाइव्हपुढे चार आकडी क्रमांक असेल तर पहिला अंक ही पिढी. ८५०० म्हणजे आठवी, ६५०० म्हणजे सहावी. पाच आकडी असेल तर पहिले दोन अंक पाहावेत. ‘आय-फाइव्ह आहे’ एवढेच सांगणारा विक्रेता घोड्याचा रंग सांगतो, वय सांगत नाही.

दुसरी गोष्ट साठवणीची. जुन्या हार्ड डिस्कमध्ये एक तबकडी मिनिटाला हजारो फेरे घेते आणि एक सुई तिच्यावर माहिती हुडकीत फिरते. नव्या एसएसडीत काहीच फिरत नाही. जुना संगणक ‘मंद’ झाला अशी तक्रार असते तेव्हा बहुधा मेंदू थकलेला नसतो, तबकडी थकलेली असते. तिच्या जागी दोनशे छप्पन जीबीची एसएसडी घातली की तेच यंत्र मिनिटाभराच्या आत उठून बसते. रॅम मात्र आठ जीबीपेक्षा कमी घेऊ नये, आणि यंत्रातच आधीपासून असेल तर उत्तम. २०२५ च्या उत्तरार्धात रॅमचे भाव असे चढले की सुटी घेणे जिवावर यावे.

आम्ही आठव्या पिढीचे, कचेरीतून उतरलेले, उभ्या पेटीचे यंत्र घेतले. हातभर आकाराची, वीज कमी खाणारी छोटी यंत्रेही होती, दिसायला गोजिरवाणी. पण त्यांत चकती लावण्याचा खण नव्हता. उभ्या पेटीत तो होता. माझा निर्णय तेथेच झाला. पेटी चौदा हजार, बावीस इंची नवा पडदा सात हजार, कळफलक व माउस आठशे. पडदा नवाच घ्यावा असा सौभाग्यवतींचा आग्रह होता आणि तो मला पटला. जुने यंत्र चालते, जुना उजेड डोळ्यांना चालत नाही. त्यावर तीन हजारांचा सहाशे व्हीएचा यूपीएस. वळिवाच्या दिवसांत आणि पुढे पावसाळाभर आमच्याकडे विजेचे येणेजाणे चालू असते. दहापंधरा मिनिटांची ती शिदोरी असली की लिहिलेले सांभाळून यंत्र नीट बंद करता येते. एकूण खर्च पंचवीस हजारांच्या आत बसला.

खरा प्रश्न यानंतरचा, आणि तो आपल्या सीमाभागातील घरांचा आहे. कळफलकावर मराठी कोठे आहे? बहुतेकजण इंग्रजी अक्षरांत मराठी बडवतात आणि यंत्र तिचे देवनागरी करते. कामचलाऊ म्हणून ठीक. पण मुलाला मराठी लिहावयास शिकवताना आधी तिचे रोमन स्पेलिंग शिकवावे हे मला सोसत नाही. यावर उपाय जुनाच आहे. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली ‘इनस्क्रिप्ट’ कळफलक ठरवला. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. आणि गंमत अशी की, भारतीय लिप्यांना मांडणी एकच. ज्या कळीवर आपला ‘क’ तिच्यावरच कन्नडचा ‘क’. ‘ल’च्या कळीवर शिफ्ट दाबली की ‘ळ’ उमटतो, मराठीत असो वा कन्नडमध्ये. कर्नाटकातील कचेऱ्यांत कन्नडसाठी ‘नुडी’ची वेगळी मांडणी रुळली आहे, हे खरे. पण ज्या मुलीला शाळेत कन्नड शिकणे आहे आणि घरात मराठी राखणे आहे, तिला दोन्हींसाठी बोटांची एकच वळणे पुरावीत, ही सोय लहान नव्हे.

युनिकोड या जागतिक वर्णसंकेतातही हीच भावकी टिकली आहे. त्यात प्रत्येक वर्णाला स्वतःचा क्रमांक असतो. आपल्या ‘ळ’चा क्रमांक २३५५, कन्नड ‘ळ’चा ३२५१; अंतर ८९६. ‘क’चे ‘क’शीही तेवढेच अंतर. दोन आळ्यांतली घरे एकाच क्रमाने बांधावीत तसे हे आहे.

मराठीचे म्हणून काही हट्ट आहेत, तेही पुरवले जातात. दर्या निराळा, दऱ्या निराळ्या. आचार्यांना निमंत्रण द्यावयाचे ते आचाऱ्यांना गेले तर कार्याचा बेतच बदलतो. ‘र’च्या कळीवर शिफ्ट दाबून ‘ऱ’, मग पाय मोडण्याची कळ, मग ‘य’, की ‘ऱ्य’ होतो. लिनक्स मिंट आणि लिब्रेऑफिस ही दोन्ही विनामूल्य आहेत. त्यांत हे सारे चालते. आम्ही तीच घातली. परवान्याचे पैसे वाचले हा फायदा, चोरी टळली हा त्याहून मोठा.

आता अण्णांची चकती. खणात सरकवल्यावर यंत्र बराच वेळ गुरगुरत राहिले. अशा चकत्यांवर माहिती रंगद्रव्याच्या थरात असते, आणि दमट हवेत तो थर उतरतो. आमची हवा कशी, हे सांगावयास नको. अकरा प्रकरणांपैकी नऊ निघाली. ती पेजमेकरची होती, आणि पेजमेकर तर केव्हाच इतिहासजमा झाले आहे. त्याची सातवी व शेवटची आवृत्ती २००१ सालचीच. सुदैवाने लिब्रेऑफिसला २०१५ पासून ती पाने उघडता येतात. उघडली, आणि पडद्यावर मराठी नव्हतेच. इंग्रजी अक्षरे, त्यांवर टिंबे, मध्येच चलनांच्या खुणा. नात म्हणाली, ‘आजोबा, मोठ्या आजोबांनी हे काय लिहिलंय?’

कारण असे की, त्या काळचे मराठी टंक म्हणजे वेशभूषा होती. यंत्र आतून रोमन अक्षरेच साठवी आणि टंक त्यांना मराठीचा अंगरखा चढवी. अंगरखा नसला की आतले सोंग उघडे पडते. आपल्याकडील विसेक वर्षांचे छापील साहित्य, स्मरणिका, संस्थांचे अहवाल, लग्नपत्रिकासुद्धा याच वेशात साठवले गेले. जुन्या टंकाचे युनिकोड करणारी साधने आहेत. कोणता टंक होता हे ओळखून ती चालवावी लागतात. पुण्याच्या मुलाने दोन रात्री बसून तेवढे केले, आणि तिसऱ्या दिवशी अण्णांचे पहिले वाक्य बावीस इंची पडद्यावर वाचता आले. सौभाग्यवतींनी ते चष्मा न लावता वाचले.

रूपांतर निर्दोष नाही. रफार एक घर पुढे सरकला आहे, ऱ्हस्व इकार शेजारच्या अक्षराला चिकटला आहे, जोडाक्षरे कित्येक ठिकाणी फुटली आहेत. दुरुस्ती ओळीओळीने हातानेच करावी लागते. रोज संध्याकाळी नात व मी एक पान करतो; ती टंक लिहिते, मी शेजारी बसून वाचतो. आधी ती कळी शोधीत असे, आता बोटे आपोआप जातात. अर्थ विचारीत थांबते, त्यामुळे पान लांबते. मोट म्हणजे काय, पाटी कशाची, बलुते कोणाला देत, हे मला सांगावे लागले. आमच्या घरची मोडी कागदपत्रेही मी काढून ठेवली आहेत. मोडीलाही २०१४ पासून युनिकोडमध्ये जागा मिळाली आहे, पण ती वाचणारा आता घरात कोणी नाही. तूर्त त्यांची छायाचित्रे घेऊन साठवतो आहोत.

परवा चौथे प्रकरण चालू होते. अण्णांनी भातकापणीचे वर्णन केले आहे. ‘सुगी’ या शब्दापाशी मी अर्थ सांगावयास लागलो, तर ती म्हणाली, ‘हे माहीत आहे, आजोबा. आमच्या कन्नडच्या पुस्तकात सुग्गी आहे.’ आणि विचारण्यासाठी न थांबता तिने पुढची ओळ घेतली.